सिस्टरची परीक्षा

स्मशानात थांबवलेली ती मयत अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. लाकडं रचून झाली होती. मुलाच्या खांद्यावर मडकं होतं. आणि मी, उपनिरीक्षक होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, पन्नासएक पुरुषांसमोर उभी राहून सांगत होते की अग्नी देता येणार नाही.

सांगत होते म्हणजे सांगायचा प्रयत्न करत होते. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझं वाक्य अर्ध्यावर तुटायचं, आणि खाकी अंगावर आल्यावरही ते गेलं नव्हतं. माझं वाक्य आमच्या हवालदारांनी पूर्ण केलं. ते मुळशीतलेच, नोकरीत केस पिकलेले.

"पाव्हनं, मॅडम सांगत्यात ते ऐका. पोस्टमार्टम व्हनार. मंग काय ते करा."

"अवो, क्यान्सरचा मानूस," एक म्हातारे पुढे आले. "डाक्टरनं दाखला दिलाय. वरीसभर सोसलं बिचाऱ्यानं, आता चिरफाड करून काय काढनार तुमी?"

"आन् बाईमानूस हितं कशी काय?" मागून कुणीतरी म्हणालं.

मुलगा मात्र एक शब्द बोलला नाही. त्यानं मडकं हळूच खाली ठेवलं आणि तो बाजूला जाऊन बसला. दुःखानं त्याची वाचा गेली असेल, असं मला वाटलं.

खबर त्या दिवशी सकाळीच आली होती. दोन हजार चार-पाचचा काळ. भूगावात शेतांचे प्लॉट पडत होते आणि जमीन विकलेल्या घरांचे नवे बंगले उभे राहत होते. अशाच एका बंगल्यात धुणीभांडी करणाऱ्या मावशी चौकीच्या दारात येऊन थांबल्या. आत यायला तयार नव्हत्या. हवालदारांनी बाकावर बसवून पाणी दिलं, तेव्हा कुठं बोलत्या झाल्या. घरातल्या आबांना, म्हणजे म्हाताऱ्या मालकांना, घशाचा कॅन्सर होता. नाकातून नळी घातलेली, अन्न आणि औषध दोन्ही त्याच नळीतून. त्यांच्या सेवेला चोवीस तासांची बाई ठेवली होती. नगरकडची, ख्रिस्ती, तिशीच्या आसपासची. सगळे तिला सिस्टर म्हणत. रविवारी संध्याकाळी आबा गेले, आणि सोमवारी सकाळी मावशींना केराच्या डब्यात झोपेच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं दिसली.

"त्या किरिस्तावनीनंच घातल्या बगा," मावशी म्हणाल्या. "म्हैनाभर रडतीया. गुडघं टेकून बसायची आन् म्हनायची, प्रभू, मला परीक्षेत पाडू नको, परीक्षेत पाडू नको."

हवालदारांना हसू आलं. "नर्शिंगची परीक्षा आसंल मॅडम. नापास व्हायचं भ्या. आमची पोरगी बी धाव्वीला आशीच रडली व्हती."

खबर लिहिताना त्यांनी परीक्षेचा उल्लेखही केला नाही. मी मात्र तिथंच अडकले. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, नन्सनी चालवलेली. रोज सकाळी रांगेत उभं राहून आम्ही जी प्रार्थना इंग्रजीत म्हणायचो, तिच्यात एके ठिकाणी टेम्प्टेशनपासून वाचव असं मागणं असतं. आमच्या शाळेच्या ख्रिस्ती आयाबाई तीच प्रार्थना मराठीत म्हणायच्या, आणि त्यांच्या मराठीत त्या मोहाला परीक्षा म्हणत. म्हणजे सिस्टरला कसला तरी मोह होत होता आणि महिनाभर ती त्यातून सुटायला देवाचा धावा करत होती. पुऱ्या ठाण्यात हे एकट्या मला कळलं, याचा मला मनातून अभिमान वाटला. त्या अभिमानापायीच पुढे मी चुकीच्या माणसामागे लागले.

मयत पुण्याला शवविच्छेदनासाठी गेली. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. डॉक्टरांनी मत राखून ठेवलं आणि व्हिसेरा, म्हणजे पोटातले अवयव, रासायनिक तपासणीला पाठवला. त्याचा अहवाल यायला महिने लागणार, हे ठरलेलं. तोवर चौकशी थांबवता येत नाही.

महिलेला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, तिच्या राहत्या जागी जाऊन विचारायचं असतं. सिस्टरची राहती जागा म्हणजे त्याच बंगल्यातली जिन्याखालची खोली. एक पलंग, एक पत्र्याची पेटी, भिंतीला साधा लाकडी क्रूस. मी पेटीवर बसले. माझ्याबरोबरची महिला शिपाई दारात वही घेऊन बसली.

"सिस्टर, तुम्हाला कसला मोह होत होता?" मी सरळ विचारलं.

तिनं दचकून वर पाहिलं. "मॅडम, तुम्ही आमच्यातल्या का?"

"नाही. शाळेत ऐकलंय."

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मग बोलायला लागली. आबांचं बोलणं आता कुणाला समजत नसे, एकट्या तिला समजायचं. रोज ड्रेसिंग करताना ते तिचं मनगट धरायचे आणि म्हणायचे, 'पोरी, सोडव मला. लई झालं.' गोळ्यांच्या कपाटाची चावी तिच्या कमरेला असायची.

"मला त्यांची फार दया यायची," ती म्हणाली. "राग आला असता ना मॅडम, तर मला कळलं असतं की हे पाप आहे. पण ही दया. दया आली म्हणून देवाजवळ माफी कशी मागायची? हात आपोआप चावीकडे जायचा. मग मी गुडघे टेकायचे, प्रभूला म्हणायचे, एवढा तास निभावून ने. तो तास जायचा. मग पुढचा यायचा."

"आणि रविवारी?"

बाहेर अंगणात नातेवाईक खुर्च्या ओढत होते, त्याचा आवाज येत राहिला.

"मीच मारलं त्यांना," ती म्हणाली.

शिपाई मुलीनं ते लिहून घेतलं. मी बाहेर येऊन मोठ्या साहेबांना फोन लावला.

"कबूल झाली ना? मग अटक करा, उद्या रिमांड घ्या," साहेब म्हणाले. "शाबास. पहिलीच मोठी केस आणि दोन दिवसांत."

सूर्य मावळत आला होता आणि मावळल्यावर महिलेला अटक करता येत नाही. हवालदारांनी घड्याळ पाहिलं, म्हणाले, "सकाळच्याला करू मॅडम. कुटं पळती ती?" रात्री बंगल्यावर महिला शिपाई ठेवली आणि मी घरी गेले. केस सुटली होती. शाबासकी मिळाली होती. तरी जेवण गेलं नाही, आणि का ते कळत नव्हतं.

सकाळी अटकेच्या तयारीनं गेले. तिचं म्हणणं एकदा क्रमानं लिहून घ्यावं म्हणून विचारलं, "गोळ्या कशा दिल्या?"

"नळीतून."

"आख्ख्या?"

"नाही, चुरा करून. दोन चमच्यांमध्ये दाबते मी. नेहमी तसंच करते."

"एवढ्या सगळ्या गोळ्या चमच्यानं दाबल्या?"

तेवढ्यात घरातली सून चहा घेऊन आली. मला आणि शिपाई मुलीला बशीसकट कप दिले. मग खिडकीच्या बाहेरच्या कट्ट्यावर पालथी घातलेली एक कान तुटलेली कपबशी सिस्टरनं स्वतः उचलून आणली आणि पुढे धरली. सुनेनं किटली उंच धरून त्या कपात वरून चहा ओतला. कपाला किटली लागणार नाही, एवढ्या वरून. दोघींनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. रोजचंच होतं ते.

सून गेल्यावर मी विचारलं, "तुम्ही स्वयंपाकघरात जाता?"

"नाही मॅडम. आबांचं दूधपाणी मला दारात आणून देतात."

मी चहा तसाच ठेवला आणि मागच्या मोरीवर गेले. मावशी भांडी घासत होत्या.

"मावशी, सिस्टर गोळ्या कशात कुटायची?"

"चमच्यात की. दोन चमचं घ्यायची आन् दाबायची."

"घरात खलबत्ता नाही?"

"हाय की, पितळंचा. पन तिला कोन हात लावू देतंय?" मावशींनी मान वर केली. "आयतवारी दुपारी त्यो मोरीत पडला व्हता. आत समदं पांढरं. मी म्हनलं वैनींनी सोडा कुटला आसंल. पन वैनी तर घरात न्हवत्याच, सकाळधरनं बहिनीकडं सूसला गेल्या व्हत्या."

"हे काल का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुटं?"

खरं होतं. आम्ही मावशींना फक्त सिस्टरबद्दल विचारलं होतं.

मी पुन्हा जिन्याखाली गेले. आता तिच्यासमोर पेटीवर बसायचं धैर्य होईना, उभीच राहिले. "सिस्टर, कपाटाची चावी रविवारी कुणाकडे होती?"

ती रडायला लागली. त्याआधी दोन दिवसांत ती एकदाही रडली नव्हती.

"मी दिली होती," ती म्हणाली. "आठ दिवस झाले देऊन. मला सहन होईना. प्रार्थनेत सारखं वाटायचं, चावी टाकून दे, चावी टाकून दे. म्हणून आबांच्या मुलाला, दादांना दिली. दादा म्हणाले, का गं? मी खरं ते सांगितलं. आबा रोज मरण मागतात, माझ्याजवळ ही ठेवू नका. त्यांना ठाऊकच नव्हतं मॅडम. त्यांना आबांचं बोलणं कळत नव्हतं. मी कळवलं. मग मीच नाही का मारलं?"

'मीच मारलं' या दोन शब्दांचा आम्ही लावलेला अर्थ आणि तिच्या मनातला अर्थ यांच्यात एका माणसाचं आयुष्य जाणार होतं.

मुलगा पुढच्या खोलीत सतरंजीवर बसला होता. चाळिशीचा, वाळू-विटांचा धंदा करणारा, दणकट गडी. पंचांसमोर खल ताब्यात घेतला आणि त्याच्यापुढे ठेवला. मी काही विचारायच्या आधीच तो बोलला.

"तिला सोडा. तिचा काय संबंध न्हाई."

"मग कुणाचा आहे?"

"चावी हातात आल्याधरनं मी आबांच्या खोलीत गेलोच न्हाई. भ्या वाटायचं. समद्यांना सांगायचो, साईटवर काम हाय. आयतवारी घरात कोन न्हवतं. सिस्टर पुन्याला चर्चला गेलती. म्हनलं, आज बसावं जरा बापाजवळ." तो खलाकडे बघत राहिला. "कान त्वांडाजवळ न्हेला. तिनं सांगितल्यामुळं आता मला बी कळत व्हतं, काय म्हनत्यात ते."

मागे भिंतीशी उभी असलेली त्याची बायको भिंतीला टेकून खाली बसली. खोलीत कुणी कुणाला हात लावला नाही. हवालदारांनी टोपी काढून हातात घेतली होती, ती परत घालायचं त्यांना सुचलं नाही.

पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, म्हणून पुढचं सगळं काम पुराव्याचं होतं. खल, पाकिटं, महिन्यांनी आलेला अहवाल आणि सिस्टरची साक्ष. त्या साक्षीच्या आधी तिचा जबाब मी नव्यानं घेतला. त्यात रविवारबद्दल तिनं एवढंच सांगितलं: "चर्चहून दोन वाजता आले. आबा गाढ झोपले होते. किती दिवसांनी कण्हणं थांबलं होतं. मी तिथंच गुडघे टेकले आणि देवाचे आभार मानले."

आभार मानत असताना तो माणूस मरत होता. तिला हे तेव्हा कळलं असतं तर कदाचित वाचवता आलं असतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मी ते तिला सांगितलं नाही. कोर्टात बचावाच्या वकिलांनी सांगितलं.

चावी दिल्याची तिची साक्ष मुलाच्या विरुद्ध गेली, आणि आबा स्वतःच मरण मागत होते ही तिचीच साक्ष त्याला थोडी तारून गेली. खुनाचं कलम टिकलं नाही, सदोष मनुष्यवधाचं टिकलं. त्याला तुरुंगात नेलं तेव्हा त्याची बायको सिस्टरकडे पाहून थुंकली. सिस्टरनं मान खाली घातली नाही, वरही केली नाही.

त्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही दोघी एका बाकावर बसलो होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "अजून प्रार्थना करता?"

"करते. पण तेव्हा मी चुकले मॅडम. चर्चमध्ये सगळे मिळून म्हणतात, तेव्हा 'आम्हाला' म्हणतात. मी एकटीपुरतं 'मला' करून घेतलं. मी वाचले. चावी दुसऱ्याच्या हातात दिली, आणि त्याच्यासाठी एक शब्दसुद्धा मागितला नाही."

मी मुदतीआधी निवृत्ती घेतली त्याला आता काही वर्षं झाली. नोकरीत पुढे कितीतरी लोकांनी माझ्यासमोर 'मीच केलं' म्हटलं. प्रत्येक वेळी मी पेन खाली ठेवून 'कसं केलं' हे विचारत गेले. विचारलं की त्यातले बरेच कबुलीजबाब गळून पडतात. आई मुलासाठी म्हणालेली असते, थोरला धाकट्यासाठी, आणि काही जण नुसत्या मनात आलेल्या गोष्टीची शिक्षा मागत असतात. हे मला त्या केसनं शिकवलं, असं मी नव्या अधिकाऱ्यांना सांगायचे. ते खरंच आहे, पण अपुरं आहे.

व्हरांड्यातून उठताना सिस्टरनं माझा हात धरला होता. म्हणाली, "त्या दिवशी सगळे म्हणत होते अटक करा. तुम्ही थांबलात. देवानं तुम्हाला बळ दिलं." मी थांबले नव्हते. फोनवरची शाबासकी कानात होती, आणि उजेड अर्धा तास जास्त राहिला असता तर मी तिला गाडीत घातलं असतं.

तिचे आभार मी स्वीकारले आणि गाडीत जाऊन बसले.