चोळायचं नाही

"हितंच दुखतंय न्हवं?" असं विचारत वस्ताद समोरच्याच्या पोटरीत अंगठा रुतवायचे. माणूस कळवळला की खूश व्हायचे. दुखणं सापडल्याचा त्यांना भारी आनंद.

असा एखादा तुमच्याही पेठेत असेल. आमचे वस्ताद स्वतःची कुस्ती सुटल्यावर तालमीत मालीश करायचे. एका बँकेच्या साहेबाला पालथं पाडून म्हणाले, "पावणं, हे अंग हाय का वळकटी?" साहेब चिडला आणि पुढच्या रविवारी पुन्हा आला.

मी त्याच गल्लीत राहायचे. कॅन्सरच्या दवाखान्यात नर्स होते. वस्ताद मला चिडवायचे, "बाई, तुमची सुई नुसती टोचती. माझा हात वळखतो."

दोन हजार सालाच्या आगेमागे त्यांच्या बायकोला अंडाशयाचा कॅन्सर निघाला. केमो सुरू असताना तिचा डावा पाय मांडीपासून घोट्यापर्यंत सुजला. कॅन्सरमध्ये रक्त लवकर गोठतं. सोनोग्राफीत शिरेतली गुठळी दिसली. रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन दोन्ही वेळा पोटावर द्यायचं होतं. ते काम मी घेतलं.

पहिल्याच दिवशी वस्तादांना बजावलं, पाय चोळायचा नाही. गुठळी सुटली तर फुप्फुसात अडकते, माणूस जागच्या जागी जातो. त्यांनी तेलाची वाटी शेजारणीकडे नेऊन ठेवली.

चार दिवस पाळलं. मी जायचे तेव्हा ती कण्हत असायची आणि हे दाराशी, हात काखेत दाबून. ती त्यांना सोडायची नाही. "सगळ्या पेठंतल्या रेड्यांच्या तंगड्या चोळल्यासा की वो. माझाच पाय जड झाला व्हय?" वस्ताद माझ्याकडे बघायचे. मी सिरिंज भरत राहायचे.

सहाव्या दिवशी सकाळी गेले, तर ती हसत होती. काल रात्री यांनी तासभर पाय चोळला, लई दिसांनी झोप लागली, म्हणाली. मी वस्तादांना गल्लीला ऐकू जाईल एवढं झापलं. ते खाली मान घालून ऐकत होते. तेवढ्यात ती मोरीत जायला उठली. दोन पावलं टाकली आणि धाप लागली. ओठ निळे पडले. रिक्षा दाराशी येईपर्यंत संपलं होतं.

"माझ्या हातानं झालं न्हवं?" वस्तादांनी विचारलं.

"तुम्हाला सांगितलं होतं," मी म्हणाले. खोटं बोलायची मला सवय नाही.

त्यांनी मालीश सोडली. दुखणी घेऊन येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवायचे.

दोनेक महिन्यांनी मी डॉक्टरांकडे विषय काढला. ते म्हणाले, अशा कॅन्सरमध्ये इंजेक्शन चालू असतानाही गुठळी सुटते. नुसतं उठल्याबसल्यानेही सुटते. चोळल्यामुळेच ती गेली असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. मी ड्युटी संपताच वस्तादांचं घर गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांचा जीव हलका होईल असं मला वाटलं होतं.



"म्हंजे न चोळता बी गेली असती?"

"कदाचित गेली असती."

"मग चार दिस तिला कण्हत का ठिवली मी?"

मला पुढच्या गल्लीत एक इंजेक्शन द्यायचं होतं. मी पिशवी उचलली.

आठवड्याने पाहिलं तर दाराला कुलूप. वस्ताद नेसरीला लेकीकडे गेले, शेजारीण म्हणाली. ते परत आले नाहीत.