गुडघ्यांची फळी

आमच्या चर्चमध्ये कन्फेशनच्या जाळीपुढे गुडघे टेकायची फळी आहे. आज बघितलं तर ती झिजून तिच्यात दोन खड्डे पडलेत. त्यात माझ्या मार्थाचेही गुडघे आहेत.

ती दर शनिवारी जायची. मी वर्षातून एकदा, ईस्टरच्या आधी. मी चिडवायचो, "एवढी पापं करायला तुला वेळ कधी मिळतो गं?" ती म्हणायची, "तुमच्याशी संसार करते ना, भरपूर साचतात."

ती गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "दुखणं जुनं होतं, बाईंना ठाऊक होतं." मला नव्हतं. माझ्या शेजारी निजायची आणि मनातलं त्या लाकडी जाळीला सांगायची. बायको दर आठवड्याला कन्फेशनला जात असेल, तर नवऱ्यानं हसू नये, घाबरावं.

ईस्टर लांब आहे, तरी आज मी रांगेत उभा राहिलो. पाळी आल्यावर फळीवर गुडघे टेकले. जाळीपलीकडून फादरनी विचारलं, "किती दिवसांनी आलात, बाबा?"

"माझं राहू द्या. मार्था इथं काय बोलायची, तेवढं सांगा."

"ते मला सांगता येत नाही."

"तिलाही आलं नाही," मी म्हणालो.

तरी उठलो नाही. त्या खड्ड्यांत माझे गुडघे काही केल्या बसत नव्हते.