लाइट आली की उठायचं

संक्रांतीच्या आदल्या पहाटे, निफाडच्या पुढे एका कांद्याच्या वावरात, वाकून पाणी वळवणाऱ्या कमलबाईंच्या खांद्यावर बिबट्याने झडप घातली; त्या थोडक्यात वाचल्या. बिबट्याला मी दोष देत नाही. त्या वेळी त्यांना वावरात कुणी बोलावलं, हा माझा प्रश्न आहे. तिकडे शेतीची वीज एक आठवडा दिवसा सोडतात, एक आठवडा रात्री. तो आठवडा रात्रीचा होता.

म्हणून जानेवारी संपता संपता, पत्रकांचा गठ्ठा पिशवीत घालून मी नाशिक रोडहून एसटी पकडली. पत्रकाचा मथळा माझाच : ‘कृषिपंपांना दिवसा वीजपुरवठा मिळालाच पाहिजे’. शेजारी बसलेल्या आजोबांनी कागद हातभर लांब धरून वाचला.

“लाइटचं हाय का हे?”

“हो, लाइटचंच.”

“मग तसं लिही ना. सरकारला पत्र लिहिल्यावानी कशाला लिहिती?”

मग ‘लाइट’ हा शब्द काही माझी पाठ सोडेना. पुढच्या सीटवरची कॉलेजची मुलगी फोनवर मैत्रिणीला सांगत होती, “तू पण ना, लाइट घे जरा.” निफाडला उतरले तर टपरीवाल्याने विचारलं, “चहा लाइट का कडक?” टपरीशेजारी एक माणूस रंगीत बल्बांच्या माळा टेम्पोत चढवत होता. गावात त्याला सगळे लाइटवाला म्हणतात. तारा जोडायला खांबावर चढतो तोही लाइटवालाच. एकाला लग्न असलं की बोलावतात, दुसऱ्याला अंधार पडला की.

“लग्नाची तारीख द्यायला आलात का?” माळावाल्याने मला विचारलं.

“नाही, पत्रकं वाटायला.”

“मग एक द्या. माळा गुंडाळायला कागद लागतोच.”

मी दिलं. त्याने खरंच त्यात माळ गुंडाळली.

रिक्षाने फाट्यावर सोडलं आणि पुढे चालत निघाले. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. थंडीने मणी तडकू नयेत म्हणून बागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटवतात, त्यांच्या धुराचा वास अजून हवेत होता. बागा संपल्यावर ऊस लागला, माणसाच्या दीडपट उंच. भर दुपारीही त्याच्या कडेने चालताना मी दोनदा मागे पाहिलं. पाटाचं पाणी ओलांडताना पाय घसरला आणि मी पिशवीसकट पाण्यात बसले.

कमलबाईंच्या मळ्यात पोचले ती अशी, चिखलाने भरलेली. त्या दारात उन्हाला बसून ठिगळ लावत होत्या. पन्नाशीच्या असतील. उजवा हात मांडीवर ठेवलेला, तो फारसा उचलला जात नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “पाट आडवा आला का? ये, बाजेवर बस.” ओली पत्रकं त्यांनी डाव्या हाताने एकेक सोडवून बाजेच्या सुतळीवर पसरली. मग भाकरी, कांद्याची पात आणि दाण्याचा ठेचा पुढे ठेवला.

ठिगळ लावत होत्या ते त्यांच्या गेलेल्या नवऱ्याचं स्वेटर होतं. त्याच्या गळ्यात तेलाच्या डब्याची पत्र्याची पट्टी शिवत होत्या. “त्यो मानंला धरतो,” एवढंच म्हणाल्या.

विहिरीजवळ बांबूला एक बल्ब टांगलेला होता. त्याचं बटण कायम चालू ठेवायचं. मोटारीची वीज आली की तो पेटतो, खिडकीतून डोळ्यांवर उजेड येतो आणि बाई उठतात. बारं द्यायला (वाफ्यावाफ्याने पाणी वळवायला) खाली वाकावं लागतं. उभ्या माणसावर बिबट्या सहसा येत नाही, वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं, असं इथे सगळे सांगतात.

बांधापलीकडे नाशिकच्या कुणाचं तरी फार्महाऊस आहे. आत माणूस नाही. कुंपणावर मात्र माळा, त्या दिवसाही लुकलुकत होत्या.

“ती शोची लाइट,” कमलबाई म्हणाल्या. “तिला आठवडा नसतो.”

मी चिडून बोलायला लागले. घरगुती जोडणीला चोवीस तास आणि पिकवणाऱ्याला रात्र, हा कुठला न्याय, वगैरे. त्यांनी माझं भाषण संपू दिलं. मग म्हणाल्या, “भाकर खा आधी.”

“मावशी, रात्री शेजारी येत नाहीत का सोबतीला?”

“येत्यात की. आमच्याकडं सावड हाय. त्या पहाटी त्यांनीच वरडून बिबट्याला पळवलं.” सावड म्हणजे आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या. रात्रीच्या आठवड्यात चौघं-पाचजणं मिळून एकेकाच्या वावरात जातात. एक पाणी वळवतो, बाकीचे बॅटऱ्या घेऊन बांधावर उभे राहतात. “पन सावड फेडावी लागती. मला आता रात्रभर बॅटरी धरवत नाय. मीच सांगितलं, माझ्याकडं येऊ नका.”

“ते फेडायला सांगतात का तुम्हाला?”

“ते नाय सांगत. म्हणून तर मला सांगावं लागतं.”

परवापासून पुन्हा रात्रीची वीज होती. कांद्याला पाणी तुटलं तर पात माना टाकणार. म्हणजे त्या एकट्या जाणार होत्या, ते स्वेटर घालून. मी म्हटलं, मी येते, उभी राहते.

“आन् मी तुझं काय फेडू?”

त्यांनी सुतळीवरचं एक पत्रक उचललं. “ह्यात काय करायचं असतं?”

“वीज कार्यालयासमोर उभं राहायचं असतं. दिवसभर.”

“वाकावं लागत नाय ना?”

“अजिबात नाही.”

“मग जमलं,” त्या म्हणाल्या आणि दाताने दोरा तोडला.

संध्याकाळच्या एसटीने परतले. घरी पोचले तर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर संदेशांचा पाऊस चालला होता : लाइट गेली, लिफ्ट बंद, कोण जबाबदार? लाइट म्हणजे आमच्यासाठी सोय, माळावाल्यासाठी धंदा, त्या कॉलेजच्या मुलीसाठी विषय सोडून देणं. कमलबाईंना तोच शब्द म्हणजे अंथरुणातून उठवणारा हुकूम. शब्द एक आहे म्हणून आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय, असं मी इतके दिवस धरून चालले होते. पत्रकं छापण्याआधी एकदा तिकडे जायला हवं होतं.

रात्रीचा आठवडा लागला तशी परवा मी त्यांच्याकडे जाऊन आले. रात्रभर बांधावर उभी होते, त्यांनी वाफे भरले, ऊस फक्त सळसळला. पण एका बॅटरीने चारी बाजू दिसत नाहीत. रात्रीचा आठवडा एकाआड एक येतच राहणार आहे.

नाशकात बसून हे वाचताय ना? सही नको, पाठिंब्याचा संदेश तर मुळीच नको. जाड स्वेटर घाला, बॅटरी घ्या आणि एक रात्र त्या बांधावर उभे राहा. मग एक दिवस कमलबाई वीज कार्यालयासमोर उभ्या राहतील, तेव्हा त्यांच्या शेजारी उभे राहा. कधी येताय, ते सांगा.