शेगडीच्या टेबलावरची मिशी

माझ्या साडूची मिशी अख्ख्या रायपुरात प्रसिद्ध आहे. दोन्ही टोकांवर एकेक लिंबू ठेवा, हलणार नाही. माझं तर म्हणणं आहे की टरबूजही हलणार नाही, पण माझ्या म्हणण्याला आमच्या घरात किंमत नाही. घोटाळा तिथेच झाला. आयुष्यभर मी प्रत्येक गोष्ट फुगवून सांगत आलो, आणि ज्या दिवशी अगदी मापात, शब्दाला शब्द खरं बोललो, त्या दिवशी सख्खी बायकोही पदराआड हसली.

खरं एवढंच होतं. माझ्या साठीला मुलीनं मला कोळशाचं ग्रिल दिलं. तीन पायांची मोठी शेगडीच ती, वर जाळी, आणि उजव्या हाताला ताटं ठेवायला पांढऱ्या प्लास्टिकचं टेबल. साडूनं ते त्याच्याकडच्या पार्टीसाठी मागून नेलं. नेलं तेव्हा ते टेबल इतकं पांढरं होतं की त्यात बघून दाढी करावी. परत आलं तेव्हा त्यावर भिलाईच्या भट्टीला लाज वाटेल एवढी काजळी होती, तेलाचे ओघळ होते, आणि मधोमध मटणाच्या रश्श्याचा पिवळाजर्द डाग पसरला होता. त्या डागात निम्मं छत्तीसगड आरामात मावलं असतं.

मी विचारलं. साडूनं मिशीवरून बोट फिरवलं.

"भाऊ, हे तुमच्याकडूनच असं आलं होतं. म्या त याच्यावर चमचाही नाही ठेवला."

"चमचा नाही, पातेलं ठेवलं असंल!"

"घ्या! आता पातेलं. उद्या म्हणान हत्ती ठेवला." मग तो बायकांकडे वळला. "भाऊ सांगतेत त्यातले बारा आणे सोडूनच द्या न."

सगळे हसले. त्याची बायको, म्हणजे माझी साळी हसली, माझी बायको हसली. मुलगी म्हणाली, "पापा, सच बताओ, आप से ही गिरा होगा ना?"

साठीच्या भेटीवर मीच रस्सा सांडला, हे घरात पक्कं झालं. त्या क्षणी मी ठरवलं की हा माणूस स्वतःच्या तोंडानं, याच सगळ्यांसमोर कबूल करणार. तोवर मी मिशीकडे सरळ नजरेनं बघणार नाही.

सुडाच्या पहिल्या दिवशी रागाच्या भरात मी तारेची घासणी उचलली आणि टेबलाच्या कोपऱ्यात तीन ओरखडे पाडले. ते आजही आहेत. ते माझे, मान्य आहे. मी माझं मान्य करतो, हा मुद्दा लक्षात ठेवा.

मग डोकं थंड केलं. गोलबाजारातून मऊ ब्रश आणि खायचा सोडा आणला. काजळी आधी कोरडीच झाडली, कारण पाणी लागलं की ती सगळीकडे शाईसारखी पसरते. तेलाला कोमट पाणी आणि भांडी घासायचा साबण पुरला. उरलेल्या चिकटपणावर सोड्याचा लेप लावून मऊ फडक्यानं गोल गोल घासलं. इतकं घासलं की माझा उजवा दंड डाव्याच्या दुप्पट झाला. सगळं निघालं. हळद मात्र बसल्या जागेवरून मला हिणवत होती, हुबेहूब साडूसारखी.

"तिले काहून मारून राहिले?" बायको म्हणाली. "हळद घासून जाते का? उनात ठेवा. पोट्टीच्या लग्नातल्या हळदीचे कपडे म्या कशानं काढले होते? उनानंच."

तिनं टेबल सोडवून गच्चीवर कुरडयांच्या शेजारी ठेवलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून मी वर सोड्याचा डबा ठेवला. रायपूरचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे काय सांगू, कावळेसुद्धा सावली बघून ओरडतात. संध्याकाळी डबा उचलला आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. भोवतालची हळद फिकी झाली होती. डब्याखाली मात्र स्वच्छ गोल, पिवळा, जसाच्या तसा.

म्हणजे ऊन पोचतं तिथलीच हळद जाते. झाकलेली राहते.

मी धावत खाली आलो आणि मुलीला साडूचा फोटो मोठा करायला सांगितला.

"पापा, ये बहुत गलत है," असं म्हणत तिनं मिशी त्या पिवळ्या गोलात बसेल एवढी मोठी करून दिली. जुन्या फाइलीचा जाड पुठ्ठा मी त्या मापानं कापला, दोन्ही आकडे नखाएवढेही चुकू दिले नाहीत, आणि डागावर चिकटवला. चार दिवस मी गच्चीची राखण केली. पाचव्या दिवशी पुठ्ठा काढला. पांढऱ्या टेबलावर एकटी पिवळी मिशी, अशी ऐटदार की आता खाकरेल असं वाटलं.

रविवारी साडू-साळीला भरीत खायला बोलावलं. टेबल ग्रिलला जोडलं, मिशीवर परात पालथी घातली. वांगी कोळशावर फुटायला लागली, तसा साडू ताट घेऊन जवळ आला.

"भाऊ, ताट ठेवू कुठं?"

"तुमच्याच जागेवर ठेवा," मी म्हणालो आणि परात उचलली.

आधी साळीला हसू फुटलं. "अगं बाई, हे त आमच्या घरचीच मिशी!" ती हसत हसत खालीच बसली. बायकोच्या हातातली भाकरी खाली पडली. मुलीनं तोंडात ओढणी कोंबली.

साडू लालबुंद झाला. "हे भाऊनं बनवलं! माझा डाग असा नव्हताच!"

"मग कसा होता?" मी अगदी हळू विचारलं. आयुष्यात एवढा हळू मी कधी बोललो नव्हतो.

"गोल होता! पातेल्याच्या बुडाएवढा गोल!"

वांग्याची साल तडतडली. साळीचं हसू थांबलं.

"पातेलं?" ती म्हणाली. "तुम्ही त चमचाही नाही ठेवला म्हणत होते न?"

साडूनं त्यानंतर मान खाली घालून तीन भाकरी खाल्ल्या आणि मिशी सात वेळा पुसली. मी मोजलं. मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सॉरी, पापा." बायकोनं माझ्या ताटात न मागता तुपाची धार सोडली, आणि ती धार आमच्या लग्नातल्यापेक्षा लांब होती.

ते गेल्यावर ती म्हणाली, "झालं न समाधान? आता ठेवा ते उनात, जाऊ द्या मिशी."

"हव," मी म्हणालो.

टेबल आजही अंगणात उन्हातच असतं, बायकोचा शब्द मी मोडत नाही. फक्त रोज सकाळी, ऊन भिंतीवरून उतरायच्या आधी, मी परात घेऊन जातो आणि मिशीवर पालथी घालतो.