दादाची स्वस्तातली रायफल

"गेले गं हे. आता घाई करू नकोस, सावकाश ये," वहिनी फोनवर म्हणाली. दादाला भेटायला म्हणून मी त्या सकाळी फ्रँकफर्टच्या स्टेशनवर न्युरेम्बर्गच्या गाडीचीच वाट बघत उभी होते. शेवटी फार त्रास झाला का, असं मी विचारलं. "शेवटी नाही झाला," ती म्हणाली. त्या 'शेवटी'वर तिनं दिलेला जोर अजून कानात आहे... आता काही आठवडे झाले. ओळखीची माणसं भेटतात, "सुटला बिचारा" म्हणतात. माझा भाऊ अजित बिचारा कधीच नव्हता. आजारी पडल्यावरही त्यानं कुणाला तसं म्हणू दिलं नाही. जो कीव करायला यायचा त्याला तो असं काही बोलायचा, की माणूस चहा अर्धा टाकून उठायचा.

पुण्याहून इंजिनिअर होऊन तो इकडे आला, तो न्युरेम्बर्गच्या एका कारखान्यात स्थिरावला. यंत्रांवर जीव, माणसांवर जेमतेम. पन्नाशी उलटल्यावर त्याला एकाएकी शिकारीचा नाद लागला. कारण डीटर. ऑफिसातला त्याचा हा सहकारी, शहराबाहेरच्या एका गावचं जंगल त्यानं शिकारीसाठी भाड्यानं घेतलं होतं. त्यानं दादाला एकदा मचाणावर नेलं. दोघं तासन् तास न बोलता बसले, आणि दादाला वाटलं, इतकी वर्षं आपण हेच शोधत होतो. इथे शिकारीचा परवाना, याग्डशाइन, सहज मिळत नाही. झाडं, जनावरांचे रोग, कायदा, सगळं जर्मनमधून घोकावं लागतं. त्यानं ते घोकलं. आमच्या घरी दर रविवारी मटण शिजायचं, पण आईनं पुण्याहून विचारलंच, तिथे खाटीक नाहीत का? मेधावहिनी तर जन्माची शाकाहारी. तिनं फ्रीजरचा खालचा कप्पा त्याला मोकळा करून दिला.

परीक्षा पास झाल्यावर रायफल घ्यायला तो मला बरोबर घेऊन गेला. दुकानाची मालकीण साठीची, स्वतः बंदूक दुरुस्त करणारी बाई होती. दादानं आधीच सगळा विचार करून ठेवला होता. रायफल स्वस्तातली, साधी बोल्टची. म्हणजे प्रत्येक गोळीनंतर दांडी हातानं उचलून मागे ओढायची, पुढे ढकलायची. लाकडी दस्ता नको, प्लास्टिकचा चालेल, पावसात फुगत नाही. वाचलेले पैसे दुर्बिणीला, कारण संध्याकाळच्या उजेडात जे दिसत नाही ते मारता येत नाही. कॅलिबरवर, म्हणजे गोळीच्या जाडीवर, मात्र दोघांचं बराच वेळ चाललं. अगदी बारीक गोळीला इथला कायदा रानडुकरासाठी परवानगी देत नाही. थर्टी-झिरो-सिक्स नावाची मोठी गोळी खांद्याला फार लाथ मारते. साडेसहा मिलिमीटरची गोळी मऊ चालते, पण महाग पडते. शेवटी तीनशे आठ नावाच्या मधल्या गोळीवर शिक्कामोर्तब झालं. हरणालाही चालते, डुकरालाही, आणि कुठल्याही गावच्या दुकानात मिळते. दादा खुशीत होता. बोल्ट उचलताना तेवढा अडखळला. पुन्हा उचलला, पुन्हा अडखळला. मालकीण म्हणाली, स्वस्तातल्या नव्या रायफली थोड्या घट्ट असतातच, वापरून सैल होतात.

मग रोज ऑफिसातून आल्यावर जेवणाआधी तो रिकाम्या रायफलचा बोल्ट मागे-पुढे करत बसायचा. तेल घातलं, पुसलं, पुन्हा तेल घातलं. यंत्रात खोट असली की ती सापडतेच, असा त्याचा आयुष्यभराचा अनुभव. पण ही रायफल सैल होण्याऐवजी महिन्यामहिन्याला जास्तच घट्ट होत चालली. शेवटी तो चिडून ती दुकानात घेऊन गेला. मीही होते. माल सदोष आहे, बदलून द्या, असं तो चांगलं तडकून बोलला. मालकिणीनं रायफल काउंटरवर ठेवली आणि करंगळीनं बोल्ट उचलला. तो लोण्यासारखा मागे सरकला. तिनं पुन्हा एकदा करून दाखवलं. मग तिनं दादाच्या हाताकडे बघितलं, अंगठ्याच्या मुळाशी जिथे मांस हवं तिथे खड्डा पडला होता. "रायफल ठीक आहे," ती हलकेच म्हणाली. "तुम्ही डॉक्टरकडे जा."

आजाराचं नाव मी इथे लिहीत नाही, दादाला ते आवडलं नसतं. नसा स्नायूंना विसरत जातात. आधी हात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख. डॉक्टरांना त्यानं एकच प्रश्न विचारला, शिकारीचे किती मोसम? एक, असं डॉक्टर म्हणाले, आणि तोही नक्की नाही. तिथून तो हलकी रायफल घ्यायला थेट त्या दुकानात गेला असता, पण मालकिणीला आता त्याचा हात ठाऊक होता. म्हणून दुसऱ्या शहरात जाऊन त्यानं ती रायफल विकली आणि एक वापरलेली, साडेसहाची घेतली. वजनाला हलकी, बोल्ट झिजून गुळगुळीत झालेला, धक्का कमी. महाग गोळी आता परवडत होती, फार गोळ्या लागणारच नव्हत्या. ट्रिगर त्यानं इतका हलका करून घेतला, की नुसतं बोट टेकलं तरी पुरे. वहिनीनं विनवलं, अहो, आता हे राहू द्या. त्यावर तो म्हणाला, "तुला मी अंथरुणात लवकर हवा आहे. म्हणजे तुझी सेवा लवकर सुरू होईल." लग्नाला सत्तावीस वर्षं झालेल्या बाईला तो हे म्हणाला. तिनं मला ते सांगितलं तेव्हा हातातली मेथी निवडणं थांबवलं नव्हतं.

मे महिन्यात नर हरणांचा मोसम सुरू झाला. डीटरला त्यानं खांदा आखडलाय असं सांगून ठेवलं होतं. मचाणावर वहिनी बरोबर गेली, कारण एकटा गेला असता तर शिडीवरून पडला असता. पुढचं मला तिनंच सांगितलं. उजेड उतरताना कुरणाच्या कडेला एक नर आला, चरत चरत अंगाची बाजू समोर करून उभा राहिला. दादानं रायफल कठड्यावर टेकवली. त्या आजारात कातडीखाली स्नायू आपोआप फडफडतात, उंदीर पळावा तसे. तो अजून नेम धरत होता, आणि बोट आपलं आपण हललं. गोळी सुटली. हरीण मान वर करून उडालं, झाडीत शिरलं, आणि आत ओरडायला लागलं. हरीण ओरडतं हे वहिनीला माहीत नव्हतं. दादानं दुसऱ्या गोळीसाठी बोल्ट उचलायचा प्रयत्न केला... तो गुळगुळीत बोल्टही त्याच्यानं उचलला गेला नाही.

अंधारात जखमी जनावराचा माग काढत नाहीत. सकाळी डीटर माग काढणाऱ्या कुत्रेवाल्या माणसाला घेऊन आला. कुत्र्याला ते ओढ्याकाठी सापडलं, जिवंत. गोळीनं खालचा जबडा उडाला होता, जीभ लोंबत होती. ते रात्रभर पाण्याशी उभं होतं आणि त्याला पिता येत नव्हतं. कुत्रेवाल्यानं ते संपवलं. तू इथेच थांब असं डीटर सांगत असतानाही दादा काठी टेकत तिथवर गेला आणि बघत उभा राहिला. त्याचा हात बघून डीटरनं वहिनीला विचारलं, आणि तिनं मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये खरं ते सांगून टाकलं. डीटर आवाज चढवणारा माणूस नव्हे. "तर मग," तो म्हणाला, "हे मला काल दुपारी कळायला हवं होतं." त्यानं दादाच्या खांद्यावरची रायफल काढून घेतली. दादानं अडवलं नाही. परवाना त्यानं त्याच आठवड्यात स्वतःहून परत केला. डीटर नंतर कधी घरी आला नाही. अंत्यविधीला आला, मागे उभा राहिला, आणि वहिनीला न भेटता गेला.

नंतरचं दीड वर्ष मी सविस्तर लिहिणार नाही. बोलणं गेल्यावर विमा कंपनीनं त्याला डोळ्यांनी चालणारं यंत्र दिलं. नजरेनं अक्षरं निवडायची, मग ते वाचून दाखवायचं. आवाज जर्मन होता. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी ते असं काही वाचायचं, की पहिल्या दिवशी आम्ही तिघंही हसलो. दुसऱ्या दिवशी कुणी हसलं नाही. आई व्हिडिओ कॉलवर पुन्हा पुन्हा विचारायची, काय म्हणतोय गं तो? शेवटी दादानं मराठी सोडूनच दिली. वहिनीशी तो जर्मनमध्ये बोलायला लागला, आणि तिची जर्मन बेकरीपुरती. एकदा आम्ही त्याला चमच्यानं पाणी देत होतो. ते नाकातून बाहेर आलं, त्याचा श्वास कोंडला. सावरायला बराच वेळ लागला. मग तो स्क्रीनकडे वळला, एकेक अक्षर शोधत राहिला, आणि तो परका आवाज खोलीत स्वच्छ जर्मनमध्ये बोलला, "त्याच्यासाठी कुत्रा तरी आला." वहिनीनं माझ्याकडे बघितलं, काय म्हणाले ते सांग म्हणून. मी म्हटलं, पाणी नको म्हणतोय.

यंत्र गेलं, विमा कंपनीचा माणूस येऊन घेऊन गेला. पलंग गेला. खोलीत पुन्हा जेवणाचं टेबल आलंय. परवा मी गेले तेव्हा वहिनी समोर बसली आणि तिनं विचारलं, "चहा हवा?" थांबली. मग, "की कॉफी?" पुन्हा थांबली. असं एकेक विचारायचं आणि तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे बघत राहायचं, ही तिची सवय शेवटच्या महिन्यातली आहे. तेव्हा नजरही यंत्राला पुरेनाशी झाली होती, आणि दादाचं 'हो' म्हणजे फक्त पापणी मिटणं उरलं होतं. दोघंच असताना ती अशा शंभर प्रश्नांतून त्याच्या मनातलं शोधून काढायची, चुकली तर न कंटाळता पुन्हा पहिल्यापासून. मी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात ती उठून आत गेली आणि तिनं कॉफीचं पाणी ठेवलं.

माझी नुसती पापणी लवली होती.