जनरेटर ओढणारी नवरीची गाडी

मागच्या मे महिन्यात, भाचीच्या लग्नाच्या दिवशी दुपारी, तिच्या वडिलांची नवी ऑटोमॅटिक गाडी जनरेटरची ट्रॉली ओढताना मौद्याच्या अलीकडे बंद पडली. लग्न मौद्याच्या एका लॉनवर होतं. गाडीत आम्ही तिघे होतो: गाडी चालवणारे तिचे वडील म्हणजे माझे मेहुणे, त्यांचे थोरले भाऊ आणि पेपरात काम करणारा मी.

ही गाडी पाठवणीची होती. वरपक्ष बसने येणार होता. 'नवरानवरीसाठी गाडी आणू नका, माझी आहे,' असं मेहुण्यांनी व्याह्यांना साखरपुड्याच्या पंगतीत सांगितलं होतं. नंतर भेटेल त्याला सांगितलं.

वीज गेली तर लागणारा जनरेटर आम्ही ओढायचं कारण नव्हतं. मांडवाचं सामान भाड्याने देणाऱ्या जरीपटक्याच्या बिछायतवाल्याने, जनरेटर नेणारी आपली जीप थोडी उशिरा निघेल, एवढंच कळवलं होतं. मेहुण्यांना थांबणं कमीपणाचं वाटलं. गाडीच्या मागे त्यांनी शोभेसाठी हुक बसवून घेतला होता. ट्रॉली त्यालाच अडकवली. गाडी सकाळीच सजवून झाली होती. समोरच्या जाळीवर झेंडूची गच्च चादर होती.

"भाऊजी, समोरची फुलं तेवढी काढा. आत हवा कशी जाईल?"

"नवरीची गाडी आहे गा. बोडकी नेऊ काय?"

"पेपरवाल्याले सगळ्यातच बातमी दिसते," मागून थोरले म्हणाले.

अशा गाडीत पायाने दाबायचा क्लच नसतो. इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सकडे जातो. जड ओझं ओढताना ते तेल घुसळलं जातं आणि तापतं. त्याला थंड करणारा कूलर समोरच्या जाळीमागे असतो आणि वाऱ्यावर चालतो. चढावर गिअर हाताने खालचा धरून ठेवावा लागतो. नाहीतर गाडी वरचा गिअर टाकते, ओझं पेलत नाही म्हणून पुन्हा खालचा घेते, आणि तेल आणखी तापत जातं.

पारडीच्या उड्डाणपुलावर गाडीने हेच सुरू केलं. हिसके बसत होते. मी खालचा गिअर धरायला सांगितलं.

"मंग ऑटोमॅटिक काहून घेतली? गाडीले सगळं समजते."

"तिले समजते," थोरले म्हणाले. त्यांनी आयुष्यात चारचाकी चालवलेली नाही.

पुढे डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याचा लाल दिवा लागला. मेहुण्यांनी एसी वाढवला. "उन्हाळा आहे. आपल्याले तापून राहिलं, तिले नाही तापणार काय?"

मग जळका वास आला. त्यांनी अॅक्सिलरेटर दाबला, इंजिन ओरडलं, गाडी पुढे सरकली नाही. त्यांनी आणखी दाबला. थोरल्यांनीही दाबायलाच सांगितलं. झेंडू शाबूत होता.

आम्ही रस्त्याच्या कडेला उभे असताना बिछायतवाल्याची जीप मागून आली. तिने ट्रॉली लावून घेतली, आम्हालाही घेतलं.

लॉनच्या दारात व्याह्यांनी विचारलं, "गाडी कुठी आहे तुमची?"

"सर्व्हिसिंगले."

"आज?"

मेहुणे मांडवात गेले. भाचीला खरं मी सांगितलं. तिने वडिलांना बोलावून घेतलं.

"बाबा, फुलं तरी आणली का? जीपले लावा मग."

फुलं गाडीवरच राहिली होती. थोरल्यांना ती आणायला पाठवलं.

संध्याकाळी नवरानवरी जीपमधून निघाले. लॉनवरची वीज दिवसभरात एकदाही गेली नाही.