स्पीकरमधली खरखर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. स्पीकरजवळ फोन वाजला की जी खरखर उमटते, ती ऐकली की मला संभाजीनगरातला तो ब्लूज गाण्यांचा कार्यक्रम आठवतो. लग्नासाठी भाड्यानं देतात तसल्या लॉनवर तीन बँड होते; मी आवाजाच्या मिक्सरवर होतो आणि माझा मित्र गात होता. त्या खरखरीपायी गाणाऱ्यांचे फोन आम्ही बंद ठेवायचो. आधीच्या बँडांना हाताची घडी घालून बसलेली माणसं त्याच्या गाण्यावर खुर्च्या सरकवून नाचायला उठली आणि माझा फोन वाजला. पाचोडहून त्याची आई होती, अण्णांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या, उशाशी बसलेली. "त्याला दे रे बाबा फोन. अण्णांना त्याचा आवाज ऐकायचाय, लई तगमग चाललीय." "मावशी, गाणं संपलं की देतो," म्हणून मी ठेवला. गाणं संपलं, "अजून एक, भाई!" असा गिल्ला झाला आणि मी त्याचा आवाज आणखी वाढवला. नुसता फोन स्पीकरकडं धरला असता, तरी अण्णांना तो ऐकू गेला असता. कार्यक्रमानंतर त्यानं फोन सुरू केला, तेव्हा अण्णा गेल्याचा निरोप आलेला होता. पाचोडला दारातच तो आईवर ओरडला, "ह्याला तरी फोन लावायचा ना!" माझ्याकडं बघत ती म्हणाली, "लागलाच नाय, बाळा." तो अजून तेच खरं मानतो. त्याला खरं सांगणं माझ्याकडं बाकी आहे.